मागचा अडथळा

कृपयाराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हतं. पण खरं नाव पगारपत्रकाबाहेर कुणी कधी वापरलं नाही, तेव्हा आपणही ते वापरायचं कारण नाही. मिक्सर, इस्त्र्या आणि पाण्याचे पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात त्यांनी तेहतीस वर्षं नोकरी केली. काम एकच. खोक्यात यंत्राबरोबर जी माहितीपुस्तिका घालतात, ती लिहायची. 'कृपया यंत्र ओल्या हाताने हाताळू नये.' 'कृपया झाकण बसवल्याशिवाय बटण दाबू नये.' रोज उठून हेच लिहिणाऱ्या माणसाच्या तोंडात तो शब्द बसणारच. ते घरी 'कृपया मीठ इकडे द्या' म्हणत आणि कॅन्टीनच्या रांगेत मध्ये घुसणाऱ्याचा खांदा धरून 'कृपया मागे' म्हणत. नाव पडलं ते कायमचं.

या गृहस्थांना आयुष्यात एकच दुःख होतं आणि ते त्यांनी मनापासून जपलं होतं. आपण लिहिलेलं जगात कुणीही वाचत नाही, हे ते दुःख. त्याला पुरावे होते. सख्ख्या मेहुण्याच्या घरी मिक्सरची पुस्तिका चार घड्या होऊन टेबलाच्या आखूड पायाखाली बसलेली त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. एका वर्षी तर छापखान्याच्या गोंधळात इस्त्रीच्या पुस्तिकेत पंपाचं पान शिवलं गेलं. 'चालू करण्यापूर्वी यंत्र पाण्यात पूर्ण बुडाले आहे याची कृपया खात्री करावी.' चाळीस हजार इस्त्र्या बाजारात गेल्या. कृपयाराव पंधरा दिवस जेवले नाहीत. कुठून तरी भयंकर बातमी येणार म्हणून टेलिफोन वाजला की ते आधी उठून उभे राहायचे. बातमी आली नाही. इस्त्री बुडवल्याची नाही आणि पान चुकल्याची तक्रारही नाही. कुणी वाचलंच नव्हतं तर बुडवणार कोण? तरीही त्यांनी पुढच्या खेपेला रीतसर शुद्धिपत्र छापून जोडलं. 'छापून गेलेलं बदलता येत नाही. शुद्धिपत्र जोडायचं असतं,' असं ते सांगत. ते शुद्धिपत्रही कुणी वाचलं नाही, हे वेगळं सांगायला नको.

तेव्हापासून त्यांनी मनाशी एक ठरवलं. जगात निदान एक माणूस असा हवा, जो पुस्तिका पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतो आणि मगच वस्तूला हात लावतो. बाकीचं जग तयार नव्हतं, तेव्हा ती जबाबदारी त्यांच्यावर आली. घरात नवा पंखा आला की तो तीन दिवस खोक्यात राहायचा आणि घरातली माणसं घामाघूम होऊन त्यांच्या वाचनाची वाट बघायची.

बायकोचं सगळं याच्या नेमकं उलट. तिला गल्लीतले लोक टेलरबाई म्हणत. घरापासून दहा मिनिटांवर, सहा दुकानांच्या एका ओळीत तिचं शिवणाचं दुकान होतं. शाळेचे गणवेश, पँटी, फ्रॉक, पडदे, उसवलेलं, आटलेलं, सैल झालेलं, सगळं तिथे यायचं. तिच्या शिलाई मशीनची पुस्तिका कुठे आहे असं कृपयारावांनी लग्नानंतर लगेच विचारलं होतं. ती म्हणाली होती, "असेल कुठेतरी. मी मशीन उघडून बघितलं, त्यात होतं सगळं." हे उत्तर कृपयारावांना इतकं लागलं की त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही. त्या दुकानातही ते फारसे फिरकले नाहीत. सकाळी सातला कारखान्याची बस, संध्याकाळी सातला परत. दुकान साडेसहाला बंद. एकतीस वर्षं हे घड्याळ असंच चाललं.

ते निवृत्त झाले तेव्हा परगावी नोकरी करणाऱ्या मुलीने कॅमेरा पाठवला. साधासुधा नाही, डिजिटल एसएलआर. पुढची लेन्स काढता येते, डोळा लावून बघायचं, वर गोल चकती, मागे अकरा बटणं. त्या काळी फोनला कॅमेरे नुकते आले होते, पण त्यांच्या फोटोत माणूस आणि कपाट यांतला फरक सांगावा लागायचा. मुलीने फोनवर सांगितलं, "बाबा, चकती हिरव्या खुणेवर ठेवा आणि दाबा. तो सगळं आपोआप करतो."

"मग मी काय करायचं?" कृपयाराव म्हणाले.

"फोटो काढायचे!"

मुलगी आईवर गेली होती, त्याला इलाज नव्हता.

कृपयारावांनी खोक्यातून पुस्तिका तेवढी काढली आणि झाकण पुन्हा लावून ठेवलं. तीनशे चाळीस पानं. पहिली बावीस पानं इशाऱ्यांची होती. ती त्यांनी एखाद्या गवयाने दुसऱ्या गवयाचं गाणं ऐकावं तशी मान डोलवत वाचली. अकरा दिवस कॅमेरा खोक्यात होता. "बाहेर तरी काढा त्याला, गुदमरेल," टेलरबाई म्हणाली. पण पुस्तिका वाचून झाल्यावर कृपयारावांच्या लक्षात आलं, की हिच्यात बटण काय करतं एवढंच दिलंय, ते केव्हा दाबावं हे दिलेलं नाही. म्हणून ते पुस्तकांच्या दुकानात गेले आणि दोन मार्गदर्शक पुस्तकं घेऊन आले. एक निळ्या कव्हरचं. त्यात एकवीस पाठ होते, प्रत्येक पाठाखाली स्वाध्याय, आणि सुरुवातीलाच ठळक अक्षरात ताकीद की एक पाठ पक्का झाल्याशिवाय पुढच्याकडे वळू नये. दुसरं लाल कव्हरचं. ते कुणा चिडक्या म्हाताऱ्या फोटोग्राफरने लिहिलेलं होतं आणि त्याला निळ्या पुस्तकासारखी पुस्तकं लिहिणाऱ्यांचा राग होता. दोन्ही एकदम विकत घेणारं गिऱ्हाईक दुकानदाराला पहिल्यांदाच भेटलं असावं.

कृपयाराव निळ्या पुस्तकाच्या तिसऱ्या पाठात होते तेव्हा टेलरबाई एका संध्याकाळी घरी आली आणि चपला न काढता खुर्चीत बसली.

"दुकानाची ओळ पाडणार आहेत," ती म्हणाली. "रस्ता रुंद करायचाय. चाळीस दिवसांत रिकामं करायचं."

कृपयारावांनी पुस्तकात बोट घालून ते मिटलं.

"असू दे," तीच म्हणाली. "पाठही दुखते आता. घरी मशीन ठेवीन, थोडंफार करीन. पण माझं एक काम करा. माझा एक फोटो काढा. दुकानात, मशीनवर बसलेला. काम करताना."

"स्टुडिओवाला समोरच आहे की तुझ्या दुकानाच्या."

"त्याला सांगायचं असतं तर एकतीस वर्षांत सांगितलं नसतं?" ती चिडली. "या गावातल्या निम्म्या लोकांचे फोटो मी शिवलेल्या कपड्यांत आहेत. माझा एक नाही. आणि त्याने नको, तुम्ही काढा. तुम्ही मला तिथे कधी बघितलंच नाहीये."

कृपयारावांनी अनुक्रमणिका उघडली. माणसांचे फोटो, पाठ चौदावा. चाळीस दिवस, अकरा पाठ. त्यांनी मनातल्या मनात भागाकार केला आणि म्हणाले, "होईल. वेळेत होईल."

बायको खुश झाली. तिला वाटलं, उद्या काढतील.

आता कुणी म्हणेल, एवढा साधा फोटो, चकती हिरव्या खुणेवर ठेवायची आणि दाबायचं. समोरच्या स्टुडिओवाल्याने हेच सांगितलं. त्याचं दुकान रस्त्याच्या त्या बाजूला असल्यामुळे वाचलं होतं आणि त्याच्याकडे सल्ल्यांना तोटा नव्हता. "ऑटोवर ठेवा, काका. मी पण लग्नांत ऑटोवरच ठेवतो. कोण बघतंय?" कृपयारावांनी त्याच्याकडे मेहुण्याच्या टेबलाकडे बघावं तसं बघितलं. हिरव्या खुणेवर फोटो काढणं म्हणजे पुस्तिका पायाखाली घालणं. आणि हा फोटो तसा काढायचा नव्हताच. बायकोने एकतीस वर्षांत एक गोष्ट मागितली होती. ती अर्धवट ज्ञानावर द्यायची? त्यांच्या हट्टामागे प्रेम होतं, यात शंका नाही. फक्त ते प्रेम चौदाव्या पाठात होतं आणि स्वारी अजून चौथ्यात होती.

चौथा पाठ अवघड निघाला. लेन्सच्या आत एक भोक असतं, ते लहानमोठं करता येतं. भोक मोठं ठेवलं की समोरची एकच वस्तू स्पष्ट येते आणि मागचं सगळं धूसर. भोक लहान केलं की पुढचं मागचं सगळंच स्पष्ट. इथवर ठीक. पण भोकाचा आकडा उलटा. आकडा मोठा तर भोक लहान. यावर कृपयाराव चार दिवस अडले. असली पुस्तिका त्यांच्या विभागातून बाहेर पडली असती तर त्यांनी लिहिणाऱ्याला घरी पाठवलं असतं.

"दोऱ्यासारखं," टेलरबाई कॉलर उलटवता उलटवता म्हणाली. "साठ नंबरचा दोरा चाळीसपेक्षा बारीक असतो. तसंच."

कृपयारावांनी हे वहीत लिहून घेतलं नाही. ते कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

पाठाखालचा स्वाध्याय असा होता : एक लहान वस्तू जवळ ठेवावी, तिच्या मागे बरंच अंतर मोकळं असावं, कॅमेरा तीन पायांच्या स्टँडवर ठेवावा आणि प्रत्येक आकड्यावर एकेक फोटो घेऊन निरीक्षण वहीत नोंदवावं. घरात बरंच अंतर मोकळं नव्हतं. घरात अंतर होतं तिथे पडदे शिवायला आलेले होते. म्हणून कृपयाराव स्टँड, कॅमेरा, निळं पुस्तक आणि वही घेऊन भर दुपारी दुकानात हजर झाले. एकतीस वर्षांत कामाच्या वेळी ते तिथे पहिल्यांदाच पाय ठेवत होते.

दुकान लांबोडकं होतं. पुढे कापडं टाकायचा लाकडी फळा, त्याच्यावर कातऱ्या, खडू, टेप. भिंतीला तयार कपडे टांगलेले, प्रत्येकाला टाचणीने चिठ्ठी. मागे, खिडकीखाली मशीन, आणि मशीनवर टेलरबाई, तोंडात तीन टाचण्या धरून. नवरा स्टँड घेऊन आत येताना पाहिल्यावर तिचा हात क्षणभर थांबला. तिने एका हाताने केस सारखे केले. तोंडातल्या टाचण्या काढून ती म्हणाली, "आज काढताय?"

"आज स्वाध्याय आहे," कृपयाराव म्हणाले. "कृपया तुझं चालू दे." तिने टाचण्या पुन्हा तोंडात धरल्या.

त्यांनी फळ्याच्या कडेला निळ्या दोऱ्याचं एक रीळ उभं केलं, ते नीट मधोमध आलं का पाहिलं, आणि सुरुवात केली. एक आकडा, एक फोटो, मग खाली वाकून वहीत नोंद. असे सात. शेवटच्या दोन फोटोंना लहान भोकामुळे इतका कमी उजेड मिळत होता की कॅमेऱ्यातलं शटर उघडून बंद व्हायला चांगला वेळ लागत होता. तेवढा वेळ ते रिळाकडे टक लावून बघत राहिले, रीळ पळून जाणार असल्यासारखे. वहीत सात ओळी झाल्या. त्यांनी सामान आवरलं, 'येतो' म्हणाले आणि गेले. मशीनचा आवाज पुन्हा सुरू व्हायला थोडा वेळ लागला, पण तोवर ते रस्ता ओलांडून गेले होते.

पुढचे दिवस पाठांच्या वेगाने गेले, म्हणजे फारच हळू. सहाव्या पाठात हलणाऱ्या वस्तू होत्या, त्यासाठी कृपयारावांनी तीन दिवस पंख्याचे फोटो काढले. नवव्यात पांढरा रंग खरा पांढरा कसा आणावा हे होतं, त्यासाठी त्यांनी घरातल्या सगळ्या चादरी एकेक करून खिडकीत धरल्या. निळं पुस्तक जे सांगे त्याच्या उलट लाल पुस्तक सांगे, आणि कृपयाराव न्यायाधीशाच्या थाटात दोघांचं म्हणणं वहीत समोरासमोर मांडून निकाल देत. निळं म्हणे, प्रत्येक फोटोनंतर मागच्या पडद्यावर तो तपासावा. लाल म्हणे, जो प्रत्येक फोटोनंतर मान खाली घालून पडदा बघतो त्याला समोरचा माणूस कधीच दिसत नाही, अशा नवशिक्याने पडद्यावर काळी पट्टी चिकटवून टाकावी. हा निकाल लाल पुस्तकाच्या बाजूने लागला. कृपयारावांनी वायरींना गुंडाळायची काळी पट्टी आणली आणि पडद्याचे डोळे बांधले.

दहा दिवस उरले तेव्हा टेलरबाई म्हणाली, "एक काढून तरी ठेवा. वाईट आला तर आला."

"बारावा चाललाय. वाईट येऊन कसं चालेल?"

"अहो, मला फोटो पाहिजे, परीक्षेचा निकाल नको!" तिचा आवाज चढला. तिला खरंच राग आला होता, आणि रागापेक्षा जास्त वाईट वाटलं होतं. "एवढं पंख्याला बघितलंत, चादरींना बघितलंत. माझी पाळी कधी?"

"चौदावा तुझाच आहे," ते कळवळून म्हणाले. ती पडदे उचलून आत गेली.

चौदावा पाठ दुकानाच्या शेवटच्या दिवसाच्या दोनच दिवस आधी पक्का झाला. पण हा साधा दिवस नव्हता, तेव्हा कृपयारावांनी स्वतःचा नियम मोडून एकोणिसाव्या पाठातला एक भाग आगाऊ वाचला : 'महत्त्वाच्या प्रसंगाची पूर्वतयारी'. त्यात पंधरा पायऱ्या होत्या. आदल्या दिवशी दुपारी ते टेबलावर स्वच्छ कापड पसरून बसले. बॅटरी भरली. लेन्स पुसली. चौथी पायरी : जुनं मेमरी कार्ड, ज्यावर फोटो साठतात तो टपाल तिकिटाएवढा चौकोनी तुकडा, काढून पाकिटात घालून त्यावर नाव लिहावं. त्यांनी लिहिलं, 'स्वाध्याय, पाठ १ ते १४'. पाचवी पायरी : नवं कोरं कार्ड घालावं. नवं कार्ड आणलेलं होतंच. पण घालण्यापूर्वी त्यांनी सवयीने लाल पुस्तक उघडून पाहिलं. त्यात म्हाताऱ्याने लिहिलं होतं, न वापरलेलं कार्ड महत्त्वाच्या दिवशी घालणारा माणूस मूर्ख होय.

आता आली पंचाईत. जुनं घालावं तर निळ्याचा भंग, नवं घालावं तर आपण मूर्ख. कृपयारावांनी वहीत दोन्ही बाजू मांडल्या, खाली 'निर्णय प्रलंबित' असं लिहिलं, आणि उद्या सकाळी ताज्या डोक्याने निकाल देऊ म्हणून सहाव्या पायरीकडे वळले. स्टँडचे स्क्रू घट्ट करणं, ही सहावी पायरी. ती त्यांनी उत्तम पार पाडली. बाकीच्या नऊही.

सकाळी निकाल द्यायचा राहून गेला.

शेवटच्या दिवशी दुकानात गर्दी होती. उरलेले कपडे न्यायला लोक येत होते, बाईंचा हात हातात घेऊन काहीबाही बोलत होते, आणि त्या सगळ्यांना कृपयाराव 'कृपया उजेडातून बाजूला' म्हणत होते. टेलरबाईने त्या दिवशी स्वतःसाठी शिवलेला ब्लाऊज घातला होता. आयुष्यभर दुसऱ्यांचं शिवणाऱ्या बाईने हा आठ दिवस आधी बसून शिवला होता. कृपयारावांनी खिडकीचा उजेड मोजला, मशीन चार बोटं डावीकडे सरकवलं, आरसा काढला, टांगलेले कपडे एका रेषेत केले.

"कृपया नैसर्गिक बस," ते म्हणाले.

"कशी?"

"काम करतेस तशी. हनुवटी थोडी वर. हात असा. आता विसर की मी इथे आहे."

"ते जमेल," ती म्हणाली. "सवय आहे."

त्यांनी साठ फोटो काढले. उभे, आडवे, जवळून, लांबून. डोळा काचेला लावला की आत खाली कोपऱ्यात काहीतरी लुकलुकत होतं. कसला तरी इशारा असणार. तीनशे अकराव्या पानावर इशाऱ्यांचा तक्ता होता, तो घरी गेल्यावर बघू, असं कृपयारावांनी ठरवलं. ज्यांनी तेहतीस वर्षं चौकटीत ठळक अक्षरात 'इशारा' लिहिला, त्यांनी तो लुकलुकणारा इशारा साठ वेळा पाहिला आणि साठ वेळा पुढे ढकलला. शटर मात्र प्रत्येक वेळी खाडकन वाजत होतं. तो आवाज फार गोड होता.

पडद्यावरची काळी पट्टी त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी काढली. तोवर मशीन हातगाडीवरून घरी आलं होतं, दुकानाची पाटी उतरली होती आणि आत मजूर हातोडे घेऊन शिरले होते. पडद्यावर तीन शब्द होते. कॅमेऱ्यात कार्ड नाही.

कृपयारावांनी कार्डाचं झाकण उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. टेबलाच्या खणात दोन्ही कार्डं होती, जुनं पाकिटात, नवं वेष्टनात. वहीत 'निर्णय प्रलंबित' होतं. मग त्यांनी तीनशे अकरावं पान उघडलं. पहिल्याच ओळीत ती लुकलुक होती, तिचा अर्थ होता, आणि काय करावं तेही होतं. चांगलं लिहिलेलं होतं. त्यांनी स्वतः याहून चांगलं लिहिलं नसतं.

ते स्वयंपाकघरात गेले आणि काही न लपवता सगळं सांगितलं. टेलरबाई भांडी घासत होती. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने नळ बंद केला, हात पुसले, आणि नवा ब्लाऊज घडी करून ठेवायला आत गेली. कृपयाराव दारात उभे राहिले. त्यांना रडू आलं, आणि रडताना काय करावं हे कुठल्याच पाठात नसल्याने ते तसेच रडले.

बऱ्याच वेळाने ती बाहेर आली. "त्या पाकिटात काय आहे?"

"स्वाध्याय."

"दुकानात काढलेला?"

"तो रिळाचा आहे. रिळाचे सात. तू त्यात..." ते थांबले.

ती चपला घालून निघाली, पाकीट आणि वही दोन्ही घेऊन. कृपयाराव मागोमाग गेले. स्टुडिओवाल्याने कार्ड आपल्या कॉम्प्युटरला लावलं. आधी पहिले तीन पाठ गेले. पंखा आणि चादरी अजून पुढे होत्या. मग रीळ आलं. पहिल्या फोटोत निळं रीळ लखलखीत आणि मागे काहीतरी पुसट रंगीत. दुसऱ्यात तेच. तिसऱ्यात त्या पुसटाला खांदे आले. चौथ्यात खिडकी आली, टांगलेले कपडे आले. पाचव्यात मशीन. सहाव्यात मशीनवर वाकलेली बाई, हात जरा हललेले. सातव्यात सगळं होतं : कातऱ्या, खडू, चिठ्ठ्या, खिडकीतला उजेड, अर्धी शिवलेली बाही, बाहीवर टेकलेले दोन हात, तोंडात तीन टाचण्या, आणि सरळ कॅमेऱ्याकडे बघणारे डोळे. कॅमेऱ्याकडे म्हणजे त्याच्यामागच्या माणसाकडे.

"हा कुणी काढला?" स्टुडिओवाला पुढे सरकला. "काका, हा ऑटोवर नाही येत. शटर दोन सेकंद उघडं होतं. बाई जरा जरी हलल्या असत्या तरी पुसल्या गेल्या असत्या. एवढ्या स्थिर कशा बसल्या?"

"मी थांबले होते," टेलरबाई म्हणाली. "म्हटलं, आता तरी वर बघतील."

स्टुडिओवाल्याने उगाच काच पुसली. कृपयाराव जमिनीकडे बघत होते.

"मोठा करून दे," ती त्याला म्हणाली. मग तिने वही उघडली, चौथा पाठ काढला, आणि सातही नोंदी हळूहळू वाचल्या. पहिली ओळ होती, 'विषय : दोऱ्याचे रीळ.' दुसरी, तिसरी ठीक होत्या. पाचव्या फोटोपुढे लिहिलं होतं, 'मागचा अडथळा दिसू लागतो.' सातव्यापुढे, 'मागचा अडथळा पूर्ण स्पष्ट. टाळावा.'

तिने वही मिटली. ती हसली की नाही, हे कृपयारावांना वर न बघितल्यामुळे कळलं नाही.

फोटो चौकटीत बसून घरी आला आणि बाहेरच्या खोलीत, मशीनच्या वर लागला. खाली तिने वहीतलं ते पान कातरीने सरळ कापून चिकटवलं, सातही ओळींसकट. येणारा जाणारा आधी फोटो बघायचा, मग खालचं वाचायचा, मग कृपयारावांकडे बघायचा. मेहुण्याने तर मोठ्याने वाचलं.

"ते काढ ना," कृपयाराव चौथ्या दिवशी म्हणाले. "निदान शेवटची ओळ खोडू दे."

"छापून गेलेलं बदलता येत नाही," ती मान वर न करता म्हणाली.

कृपयाराव टेबलाशी जाऊन बसले. अर्ध्या तासात चार कच्चे मसुदे झाले. पाचवा त्यांनी चांगल्या कागदावर, चौकट आखून, सुवाच्य अक्षरात उतरवला आणि चौकटीखाली त्या पानाला जोडून चिकटवला. मग ते खुर्चीत जाऊन बसले आणि या खेपेस हातात पुस्तक न घेता तिच्याकडे बघत राहिले.

टेलरबाईने मशीन थांबवलं, चष्मा लावला आणि उभं राहून वाचलं.

'शुद्धिपत्र. पाठ चौथा. जिथे "विषय" छापले आहे तिथे कृपया "अडथळा" वाचावे, व जिथे "अडथळा" छापले आहे तिथे कृपया "विषय" वाचावे. "टाळावा" हा शब्द वाचू नये. चूक लिहिणाऱ्याची आहे, यंत्राची नाही.'

तिने ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. मग पुन्हा एकदा वाचलं.